निरोप सॅन होजेचा, गुलाब मावळातला

फुले पाठवण्याच्या धंद्यात फुले स्वतः फारशी कुठे जात नाहीत. सॅन होजेतला मुलगा कोथरूडमधल्या आईच्या साठीला लाल गुलाबांचा गुच्छ धाडतो, तेव्हा तो कॅलिफोर्नियातून निघत नाही आणि बहुतेकदा मुंबईतूनही निघत नाही. गुलाब मावळातल्या एखाद्या पॉलिहाउसमधले असतात, पहाटे गुलटेकडीच्या बाजारात उतरलेले असतात, आणि आईच्या घरापासून दोन चौक पलीकडचा फूलवाला ते बांधत असतो. परदेशातून येतो तो फक्त निरोप आणि पैसा. निरोप सहसा धड पोचतो. पैशाचे मात्र तसे नसते. वाटेत त्याला बरेच हात लागतात.

ही युक्ती काही इंटरनेटची नाही. १९१० मध्ये अमेरिकेतल्या मूठभर फूलविक्रेत्यांनी एकत्र येऊन ‘फ्लोरिस्ट्स टेलिग्राफ डिलिव्हरी’ नावाची संस्था काढली. तोवर शिकागोच्या गिऱ्हाइकाला डेन्व्हरच्या आप्तांकडे फुले पाठवायची, तर ती पेटीत भरून रेल्वेने पाठवावी लागत आणि पोचेपर्यंत त्यांची रया गेलेली असे. नव्या व्यवस्थेत फुलांऐवजी तार जाऊ लागली. तार मिळाली की डेन्व्हरचा दुकानदार आपल्याकडची ताजी फुले बांधून पोचवी आणि दोन दुकानांमधला हिशेब मागाहून मिटे. आपल्याकडच्या पेढीवाल्यांना यात नवल वाटले नसते. हुंडी अशीच चाले: नाणी जागच्या जागी राहत, प्रवास कागद करी.

बर्लिनच्या माक्स ह्यूब्नर यांनी असाच प्रयोग १९०८ मध्ये सुरू केला होता. ब्रिटनमध्ये १९२३ पासून फूलवाल्यांचे जाळे विणले गेले आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४६ मध्ये, ही सगळी जाळी ‘इंटरफ्लोरा’ या नावाखाली एकमेकांना जोडली गेली. पंखवाल्या टोपीतला, हातात फुले घेऊन धावणारा रोमन देव मर्क्युरी हे त्यांचे बोधचिन्ह. देवांचा निरोप्या असलेल्या मर्क्युरीची ही नवी नोकरी अगदीच विशोभित नव्हती.

त्या जुन्या व्यवस्थेत एक गोष्ट फार मोलाची होती. तारेच्या दोन्ही टोकांना फूलवालाच बसलेला असे. ऑर्डर घेणाऱ्याचे स्वतःचे हात रोज फुलांत असत. गिऱ्हाइकाने भलत्या हंगामात भलते फूल मागितले तर तो तिथेच सांगे, की आत्ता हे चांगले मिळायचे नाही, त्याऐवजी ते घ्या. त्याला मोबदलाही मिळे. पुढे रूढ झालेल्या वाटणीत शंभर डॉलरच्या ऑर्डरमागे साधारण वीस डॉलर ऑर्डर घेणाऱ्या दुकानाकडे राहत, सातेक डॉलर संस्थेकडे जात आणि उरलेल्या त्र्याहत्तरांत पलीकडचा दुकानदार गुच्छ बांधून घरी पोचवी. म्हणजे तेव्हाही शंभराची फुले शंभराची नव्हतीच. पण ते वीस डॉलर निदान फुलांतले कळणाऱ्या माणसाला मिळत होते.

दूरध्वनी आणि मग इंटरनेट आले, तसा पहिल्या टोकाचा फूलवाला गळाला. त्याच्या जागी फुलांना हातही न लावणारे मध्यस्थ आले. त्यांच्याकडे असतो तो टोल-फ्री नंबर, चकचकीत छायाचित्रे आणि जाहिरातीचा खर्च. अमेरिकेत या मध्यस्थांनी गावोगावच्या दूरध्वनी सूचीत गावाचेच नाव लावून आपले नंबर छापून घेतले. गिऱ्हाइकाला वाटे, आपण गावातल्या दुकानाशी बोलतोय. फोन उचलला जाई शेकडो मैलांवरच्या कॉल सेंटरमध्ये. हा प्रकार इतका बोकाळला, की फूलविक्रेत्याने आपल्या ठावठिकाण्याबद्दल गिऱ्हाइकाची दिशाभूल करू नये, असे कायदे अमेरिकेतल्या अनेक राज्यांना करावे लागले. फुलांच्या दुकानाच्या पत्त्यासाठी विधिमंडळाला वेळ काढावा लागतो, यावरून त्या पत्त्यामागे किती पैसा असेल याची कल्पना यावी.

युरोपात लढाई गुगलच्या शोधपट्टीवर झाली. एखाद्याने ‘इंटरफ्लोरा’ असा शब्द टाइप केला की मार्क्स अँड स्पेन्सर या बड्या दुकानदाराच्या फुलसेवेची जाहिरात समोर यावी, अशी तजवीज त्या कंपनीने पैसे मोजून केली होती. प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेले आणि २०११ मध्ये तिथे निकाल लागला. त्यातला एक मुद्दा इथे कामाचा आहे. इंटरफ्लोरा म्हणजे वेगवेगळ्या नावांच्या असंख्य दुकानांचे जाळे असल्यामुळे मार्क्स अँड स्पेन्सरही त्यातलेच एक असावे, असा सामान्य ग्राहकाचा समज होऊ शकतो, याची दखल न्यायालयाने घेतली. फुले कोण देतोय हेच ग्राहकाला उमगत नाही, हे न्यायालयाच्या कागदावर आले ते असे. तारेवर जन्मलेल्या त्या मूळ अमेरिकी संस्थेचे पुढे काय झाले, तेही सांगायला हवे. २०१९ मध्ये तिने दिवाळखोरीसाठी अर्ज केला आणि तिचा व्यवसाय विकला गेला.

आपल्याकडे ही गोष्ट उशिरा सुरू झाली आणि वेगळ्या वळणाने गेली. दिल्लीत १९९४ मध्ये विकास गुटगुटिया यांनी ‘फर्न्स एन पेटल्स’ काढले, तेव्हा वातानुकूलित फुलांचे दुकान हेच अप्रूप होते. मराठी घराला फूल नवे नव्हते. नवे होते ते लांब देठाचे फूल. देव्हाऱ्यातली जास्वंद, वेणीतली अबोली, गजऱ्यातला मोगरा, दसऱ्याच्या तोरणातला झेंडू ही सगळी देठ खुडूनच घरात येतात. पुण्याच्या बाजारभावांच्या तक्त्यात ही दोन जगे आजही एकाखाली एक छापलेली दिसतात. झेंडू, शेवंती आणि सुटी गुलछडी किलोच्या भावाने. गुलछडी काडी, जर्बेरा, कार्नेशन गड्डीच्या भावाने. डच गुलाबापुढे कंसात ‘२० नग’ असे लिहिलेले असते.

या दोन जगांना सांधणारा माणूस म्हणजे कोपऱ्यावरचा फूलवाला. सकाळी तो सत्यनारायणाच्या पूजेचा पुडा बांधतो, दुपारी नवरदेवाच्या गाडीची सजावट करतो आणि संध्याकाळी वाढदिवसाचा बुके. दादर स्थानकाबाहेरच्या फूलबाजारात भल्या पहाटे खरेदीला येणाऱ्या गर्दीत असे कितीतरी असतात. एका हातात झेंडूची पोती, दुसऱ्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या गुलाबाच्या गड्ड्या. माटुंग्याला दाक्षिणात्य पद्धतीचे गजरे विणणारे वेगळे, पणजीच्या बाजारात अबोलीच्या माळा विकणाऱ्या बायका वेगळ्या. हे लोक ‘फ्लोरिस्ट’ अशी पाटी लावोत न लावोत, कोणत्या दिवशी कोणते फूल टिकेल हे त्यांना बोटांनी कळते.

आणि फुले पाठवणाऱ्या संकेतस्थळावरून, म्हणजे पोर्टलवरून, ऑर्डर देताना या माणसाचे ज्ञान कुणी विचारतच नाही. त्याच्या मोबाइलवर येते एक चित्र: पंधरा लाल गुलाब, दोन पांढऱ्या लिली, जांभळे ऑर्किड, काळा कागद, सोनेरी रिबन. त्या दिवशी बाजारात लाल गुलाब शिळा आणि केशरी टवटवीत असला, तरी त्याने लालच घालायचा. लिली महाग झाली असेल तर एक कमी करायची नाही. मग काटकसर कुठे करायची? गुलाबाच्या देठात. ४० सेंटिमीटरच्या देठाचा गुलाब आणि ६० सेंटिमीटरचा गुलाब यांच्या भावात चांगलाच फरक असतो. लांब देठाचे फूल साधारणपणे मोठ्या कळीचे, जोमदार झाडाचे असते. पण काळ्या कागदात गुंडाळल्यावर देठ दिसतो कुणाला? चित्र रंग दाखवते आणि नग मोजून देते. देठाची लांबी आणि फूल कधी तोडले याबद्दल ते गप्प असते. गुच्छ दोन दिवस टिकणार की सात, हे नेमके या दोन गोष्टींवर ठरते.

मध्यस्थाने किती कापून घेतले, हे आपल्याकडे कुठे जाहीर होत नाही. अमेरिकेतल्या फूलवाल्यांनी निदान आपसांतली वाटणी उघड ठेवली होती. इथे ग्राहकाला एकच आकडा दिसतो आणि दुकानदाराला दुसराच. दोघांची कधी गाठ पडत नाही, त्यामुळे आकडेही जुळवले जात नाहीत. समजा, पाठवणाऱ्याने दोन हजार मोजले. त्यातून पोर्टलचा वाटा, जाहिरातीचा खर्च, मध्यरात्री पोचवण्याचे जादा पैसे आणि नको असलेला टेडी बेअर वजा केला, तर फुलांसाठी काय उरते याचा अंदाज कुणीही बांधावा. फुलांचा भाव बाजार ठरवतो, तो कमी होत नाही. कमी होतात ती फुले.

मावळातल्या शेतकऱ्याच्या बाजूने पाहिले तर चित्र आणखी अजब दिसते. पवनानगर, येळसे, तळेगाव या पट्ट्यात व्हॅलेंटाइन दिनाची तयारी डिसेंबरातच सुरू होते. गुलाबाच्या फांद्या वाकवणे, छाटणी करणे यांचे दिवस मोजून ठरवलेले असतात, कारण छाटणीपासून तोडणीपर्यंत सुमारे दीड महिना लागतो. थंडी जास्त पडली की फूल मागे राहते, कमी पडली की वेळेआधी उमलते. ताजमहाल आणि टॉप सिक्रेट ही लाल वाणांची नावे, गोल्ड स्ट्राइक पिवळ्याचे. तोडलेली कळी शीतगृहात दोन ते चार अंश सेल्सिअसला ठेवायची, प्रतवारी करायची, वीस-वीसची गड्डी बांधायची. जानेवारीच्या अखेरीपासून माल परदेशी जातो आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यानंतर देशातल्या बाजारात. अलीकडे लग्नसराई जोडून आली की देशातलाच भाव परवडतो, असे शेतकरी सांगतात. इतक्या काटेकोरपणे वाढवलेले फूल शेवटच्या दहा किलोमीटरांत मार खाते: डिलिव्हरी करणाऱ्याच्या पाठीवरच्या पिशवीत, भर उन्हात, केकच्या खोक्याशेजारी.

कोपऱ्यावरचा फूलवाला हा काही संत नव्हे. कालच्या गुलाबाच्या बाहेरच्या काळवंडलेल्या पाकळ्या सोलून तो आजचा म्हणून खपवणे, पाण्याचा फवारा मारून ताजेपणा आणणे, पाकळ्यांवर चमकी शिंपडणे या त्याच्याही खोडी आहेत. गुच्छात पाच फुलांभोवती कामिनीच्या डहाळ्या आणि जिप्सोचे पांढरे ढग इतके दाटून भरायचे, की पाचाची पंचवीस वाटावीत, हेही त्याचेच कसब. पण त्याच्या दुकानात जाऊन गुलाबाच्या बुडाला अंगठा आणि तर्जनीने हलके दाबून पाहता येते. ते घट्ट लागले तर फूल ताजे, मऊ लागले तर दुसरे मागावे. आणि पुन्हा त्याच गल्लीत धंदा करायचा असल्यामुळे तो ते बदलून देतो. पोर्टलवर तक्रार केली तर दिलगिरीचा संदेश आणि पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट मिळते. ज्याचा वाढदिवस होता, त्याचा वर्षभर पुन्हा येत नाही.

परदेशातल्या मुलांची अडचण मात्र खरी होती. न्यू जर्सीहून सांगलीच्या फूलवाल्याला पैसे द्यायचे कसे? परदेशी कार्ड चालवणारे यंत्र त्याच्याकडे नाही, आणि पाचशे रुपयांसाठी बँकेतून परदेशी हस्तांतर कुणी करत नाही. पोर्टलांचे फावले ते इथे, आणि त्यात त्यांनी खरोखर सोय केली हे नाकारण्यात अर्थ नाही. परंतु जानेवारी २०२३ मध्ये नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती अशा दहा देशांतल्या मोबाइल क्रमांकांना यूपीआयची वाट मोकळी केली. अनिवासी भारतीयाचे एनआरई किंवा एनआरओ खाते असेल आणि त्याच्या बँकेने ही सोय दिली असेल, तर तिथल्या नंबरावरून इथल्या दुकानातला क्यूआर कोड चालतो. दुकानदाराने व्हॉट्सअॅपवर कोड पाठवावा, पैसे जमा होताच बांधलेल्या गुच्छाचा फोटो पाठवावा. इतके करणारे दुकानदार आज तालुक्याच्या गावीही सापडतात. कुणाचे खाते नसेल तर इथला भाऊ, वहिनी, शाळेतला मित्र आहेच की पैसे देऊन ठेवायला.

फोनवर काय बोलायचे, हेही सांगून ठेवायला हवे. फुलाचे नाव सांगण्याआधी रक्कम सांगावी, आणि विचारावे: आज काय चांगले आले आहे? हा एक प्रश्न विचारला की फूलवाल्याचा आवाज बदलतो. मार्गशीर्षातल्या गुरुवारी आणि गणपती-दसऱ्याला सगळ्याच फुलांचे भाव चढलेले असतात, पितृपक्षात मागणी उतरते. त्याप्रमाणे तो सुचवतो. निशिगंधाच्या बारा काड्या आणि काही हिरवी पाने एवढाच गुच्छ पाच रंगांच्या गर्दीपेक्षा देखणा दिसतो, खालून वर एकेक कळी उमलत दिवसेंदिवस चालतो आणि घरभर वास ठेवतो. डच गुलाबाला वास जवळजवळ नसतोच. टिकाऊपणा आणि रंग यांच्यासाठी त्याची निवड झाली, त्यात सुगंध मागे पडला. हे ठाऊक असूनही लोक गुच्छात आधी नाक खुपसतात ते खुपसतातच.

अतिदक्षता विभागात फुले पाठवू नयेत. अनेक रुग्णालये ती दारातच थांबवतात. ज्याच्या घरी फुलदाणी नाही त्याला सुटा गुच्छ पाठवून त्याची तारांबळ उडवू नये. आणि आलेला गुच्छ डायनिंग टेबलावर आंब्यांच्या किंवा केळ्यांच्या शेजारी ठेवू नये, कारण पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू फुलांना लवकर म्हातारे करतो. कार्नेशनला तर तो मुळीच सोसत नाही. देठाची टोके तिरकी कापावीत, पाणी रोज बदलावे. जर्बेऱ्याचा देठ लवकर कुजतो, म्हणून त्याला बोटभरच पाणी द्यावे.

टोपलीतल्या सजावटीच्या तळाशी असणारा हिरवा स्पंज हा यातला सर्वांत कमी बोलला जाणारा पदार्थ आहे. १९५४ मध्ये अमेरिकेत व्हर्नन स्मिदर्स यांनी तो आणला. तो पाणी धरून ठेवतो, हव्या त्या कोनात देठ रोवू देतो आणि वापरून झाल्यावर कधीच कुजत नाही. हाताने चुरला तर प्लॅस्टिकचे सूक्ष्म कण होतात. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने तो आपल्या प्रदर्शनांतून हद्दपार केला. आपल्याकडे मंगल कार्यालयाच्या मागच्या कचराकुंडीत तो ढिगाने पडलेला असतो. परडी, मातीचे भांडे, नारळाची करवंटी यांची ज्या राज्यात वाण नाही, तिथे या स्पंजाचा इतका सोस कशाला?

गुच्छाविरुद्ध एक सरकारी मोहीमही होऊन गेली. २०१७ मध्ये पंतप्रधानांनी पुष्पगुच्छाऐवजी पुस्तक द्या असे सुचवले आणि केंद्रीय गृहखात्याने राज्यांना कळवले, की पंतप्रधानांच्या दौऱ्यात गुच्छ नको. फार तर एक फूल, त्यासोबत खादीचा रुमाल किंवा पुस्तक द्यावे. शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ यांच्याशिवाय जिथे सत्कार पुरा होत नाही अशा महाराष्ट्रातही मग ‘बुके नको, बुक द्या’ सुरू झाले. व्यासपीठापुरते ते ठीकच होते. सत्कारमूर्तीच्या हातात तीस सेकंद राहून डिकीत जाणाऱ्या गुच्छाचे समर्थन कुणी करू नये. पण त्या लाटेत घरी पाठवलेला गुच्छही उधळपट्टीच्या खात्यात टाकला गेला आणि त्याच वेळी प्लॅस्टिकच्या फुलांनी सभागृहे भरून गेली. मार्च २०२०च्या टाळेबंदीत शेतकऱ्यांनी पॉलिहाउसमधली उभी फुले तोडून उकिरड्यावर टाकली. त्या धक्क्यातून सावरतात न सावरतात तोच कृत्रिम फुलांची स्पर्धा समोर होती. त्यांच्यावर बंदी घालावी ही मागणी विधिमंडळातही गेली. बंदी यायची तेव्हा येईल. खऱ्या फुलांचा भाव खऱ्या दुकानदाराच्या हातात पडेल अशी सवय लावून घ्यायला सरकारी आदेश लागत नाही.

एक आदेश मात्र हवा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे इतरांचा माल विकणाऱ्या संकेतस्थळाने विक्रेत्याचे नाव आणि पत्ता ग्राहकाला दाखवावा लागतो. फुलांचे पोर्टल स्वतःच विक्रेता म्हणून उभे राहिले, की गुच्छ बांधणारे दुकान कागदावरून नाहीसे होते. तेव्हा नियमात एवढीच भर घालावी, की नाशवंत वस्तू ज्या दुकानात तयार झाली त्याचे नाव, गाव आणि तयार केल्याची वेळ पावतीवर आणि सोबतच्या कार्डावरही छापली पाहिजे. पाकिटातल्या ब्रेडवर दिनांक असतो, गुच्छावर का नसावा? ज्याला तो आवडेल तो पुढच्या वेळी थेट त्या दुकानात जाईल, आणि पोर्टलांना नेमके हेच नको असेल.

तो नियम येईपर्यंत कुणाला कणकवलीत, उदगीरला किंवा गोंदियात फुले पाठवायची असतील, तर संकेतस्थळ उघडण्यापूर्वी तिथल्या एखाद्या आत्याला किंवा मावशीला फोन करावा. बुकेवाल्याचा नंबर तिच्याकडे असतोच, गणपतीच्या हारासाठी घेऊन ठेवलेला. वर तो लबाड आहे की सरळ, हेही ती न विचारता सांगते.